घरी काय बोलता?

गोवर्धनला आयसीयूतून वॉर्डात आणलं तेव्हा त्याच्या डोक्याला पट्ट्या होत्या, डावा डोळा सुजून मिटला होता, आणि तरी मला बघून तो पहिलं वाक्य बोलला ते हे, "अक्का, हितला चहा म्हंजे भांडी विसळल्यालं पाणी हाय बघ."

मला खूप हायसं वाटलं. चार दिवसांपूर्वी त्याच्या मेंदूतून लिंबाएवढी गाठ काढली होती. गाठ भाषेच्या जागेला चिकटून आहे, बोलणं कायमचं जाऊ शकतं, असं कागदावर लिहून त्याखाली डॉक्टरांनी माझी सही घेतली होती. आणि हा माझा भाऊ पुण्यात येऊन चहाला नावं ठेवत होता.

माझ्यामागून अव्वा पुढे आली. अव्वा म्हणजे आमची आई. आम्ही सोलापूरचे पद्मशाली, पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आलेले, त्यामुळे आईला अव्वा म्हणतो. तिने त्याच्या गालावर हात ठेवला आणि विचारलं, "तिन्नावा, कोडुका?"

जेवलास का रे, लेका. एवढंच. हा प्रश्न तिने त्याला आयुष्यात रोज दोनदा तरी विचारला असेल.

गोवर्धन तिच्याकडे बघत राहिला. मग मान वळवून त्याने मला विचारलं, "काय म्हणायलीय ती?"

तो जात्याच थट्टेखोर. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करायचा आणि दिवसभर पोरांची टर उडवायचा. मी म्हटलं, आईची तरी करू नकोस रे. पण त्याच्या कपाळावर घाम आला होता. अव्वाने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. त्याचे ओठ हलले, काही तरी जुळवायला गेले आणि थांबले.

"आवाज तिचाच हाय," तो मला मराठीत म्हणाला. "पण शब्द सुटे होईनात, अक्का. लांब कुटं तरी लाउडस्पीकर चालू असल्यागत वाटायलंय."

मी तेलुगूत विचारून पाहिलं. पाणी हवंय का, दुखतंय का, मी कोण. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मराठीत विचारलं की खटाखट उत्तर. सोलापूरचा पत्ता, शेठजींचं नाव, बिघडलेल्या मागाचा नंबर, सगळं. अव्वा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला बाजारापुरतं मराठी येतं. भाजी, रिक्षा, दवाखाना. जन्मभर ती विड्या वळत आली, तीही आमच्याच बायकांच्या घोळक्यात बसून. तिला मराठीची गरजच कधी पडली नाही.

तिला जे वाटलं ते भलतंच होतं, आणि तिच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. सोलापुरातून निघायच्या दिवशी तिचं आणि गोवर्धनचं कडाक्याचं भांडण झालं होतं. डोकं कापून घ्यायचं म्हणजे काय, आणि तेही जागेपणी, हे तिला पटतच नव्हतं. रिक्षा दारात उभी असताना ती म्हणाली होती, "जायचं तर जा, पण मग मला अव्वा म्हणू नकोस." मागाहून दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन रडत पुण्याला आली ती गोष्ट वेगळी. पण तोंडातून गेलेला शब्द गेलाच होता. आता मुलगा सगळ्या जगाशी बोलत होता आणि फक्त तिच्याशी बोलत नव्हता.

त्यानंतरचे आठ दिवस मला आजही नको वाटतात. अव्वा सकाळी येऊन त्याच्या उशाशी बसायची आणि त्याची माफी मागायची. तेलुगूत. माझी जीभ जळो, म्हणायची. मी अडाणी बाई आहे, तुझ्यावर राग काढला, पण मन तसं नव्हतं. ज्याची माफी मागत होती त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तो मान हलवायचा, तिचा हात धरायचा, आणि मग अगतिक होऊन माझ्याकडे बघायचा.

मी मधे उभी राहून इकडचं तिकडे करत होते. "अव्वा म्हणतेय, तिचं बोलणं मनावर घेऊ नकोस." तो म्हणायचा, "तिला सांग, मला राग न्हाई." मी तिला तेलुगूत सांगायची. तिसऱ्या दिवशी ती माझ्यावर उसळली.

"त्याला त्याच्या तोंडानं सांगू दे," ती म्हणाली. "तू काय त्याची वकील आहेस?"

मी तिला समजावलं, की मेंदूला सूज आहे, ती उतरली की येईल बोलायला.

"मग तुझ्याशी कसा बोलतो? त्या नर्सशी कसा बोलतो? सूज काय माणसं बघून येते?"

सूज माणसं बघून येत नाही, हे मला ठाऊक होतं. काय झालं आहे तेही मला पहिल्याच दिवशी, तिच्या त्या पहिल्या प्रश्नालाच कळलं होतं. त्या वॉर्डात ते कळणारी मी एकटीच होते.

ऑपरेशन करणारे डॉक्टर मोहोळकर बुचकळ्यात पडले होते, पेशंट सगळ्यांशी बोलतो आणि आईशीच का नाही म्हणून. ऑपरेशन त्यांच्या मते उत्तम झालं होतं. शेवटी त्यांनी दाबके मॅडमना माझ्याशी बोलायला सांगितलं. या तिथल्या भाषेच्या तज्ज्ञ. ऑपरेशनच्या आधी गोवर्धनची तासभर तपासणी यांनीच घेतली होती, आणि ऑपरेशन चालू असताना त्याच्याजवळ बसून त्याला चित्रंही यांनीच दाखवली होती. पस्तिशीच्या असतील, बोलायला मऊ. त्यांनी फाईल उघडली आणि मला विचारलं, "जयमालाताई, आई त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलतात?"

"तेलुगू," मी म्हटलं.

त्यांनी फाईलचं पहिलं पान काढलं. ते वळवून माझ्यापुढे ठेवलं.

त्या पानावर मातृभाषा या शब्दापुढे मराठी लिहिलं होतं. अक्षर माझं होतं. वळणदार, शाळेत फळ्यावर येतं तसं. आणि नुसतं लिहूनच थांबले नव्हते मी. तपासणीच्या दिवशी दाबके मॅडमनी गोवर्धनलाच समोर बसवून विचारलं होतं, "घरी काय बोलता?" तो "घरी आम्ही..." म्हणून सुरू करणार तेवढ्यात मी मधे पडले होते. "मराठीच," मी म्हटलं होतं. गोवर्धनने माझ्याकडे पाहिलं आणि तो गप्प बसला. थोरली बहीण, त्यातून मास्तरीण, ती म्हणते तर तसंच असेल.

का म्हटलं, याचं उत्तर सोपं आहे आणि लाजिरवाणं आहे. मी मराठी शाळेत पहिलीत गेले तेव्हा मला "पाणी प्यायला जाऊ का" हेही विचारता येत नव्हतं. वर्गात मी तोंड उघडलं की पोरं खिदळायची. डी.एड.ला गेले तर तिथल्या मुली माझ्यामागे "अय्यो अय्यो" करत चालायच्या. मी दात-ओठ खाऊन मराठी शिकले, इतकं की जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत शिक्षक गटात पहिली आले. तेव्हापासून जिथे जिथे तो रकाना आला तिथे मी मराठी लिहीत गेले. पोरींच्या शाळेच्या दाखल्यात, शिरगणतीत, रेशनच्या अर्जात. कोणाचं काही बिघडलं नाही. पुण्याच्या त्या चकचकीत दवाखान्यातही हात आपसूक तसाच चालला. आम्ही आपले तेलंगी गावठी, असं त्या दाबके मॅडमना वाटू नये, एवढ्यासाठी.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. सांगताना रडले नाही, रडायचा मला हक्क आहे असं वाटलं नाही.

दाबके मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद ओढून घेतला आणि पेनने दोन रेघा काढल्या. ऑपरेशनच्या वेळी गोवर्धन जागा होता. त्या म्हणाल्या, मी त्याला छत्री दाखवायची, कुलूप दाखवायचं, आणि तो नाव सांगायचा. त्याच वेळी डॉक्टर मेंदूवर एकेका ठिकाणी बारीक करंट लावत. जिथे नाव अडकलं ती जागा कामाची, तिथे नंबर लिहिलेला कागदाचा तुकडा ठेवायचा आणि ती सोडून द्यायची. जिथे काही अडकलं नाही तिथलं काढून टाकायचं. गाठीसोबत.

"तो मराठीत सांगत होता," मी म्हटलं.

"आम्ही मराठीतच विचारत होतो." त्यांनी दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "दोन भाषांच्या जोडण्या काही ठिकाणी एकत्र जातात, काही ठिकाणी वेगळ्या. दुसरी भाषा आहे हे माहीत असतं, तर तीच चित्रं तेलुगूतही विचारली असती. तासाभराचं काम होतं. शेजारच्या वॉर्डात तेलुगू बोलणाऱ्या दोन नर्स आहेत."

मी विचारलं, परत येईल का. त्या म्हणाल्या, खात्री कोणी देणार नाही. तुटलेली जोडणी तशीच्या तशी सांधत नाही. पण मेंदू स्वस्थ बसणारा अवयव नाही, तो बाजूने वाटा काढतो, कधी पलीकडच्या अर्ध्या भागातूनही. मात्र त्याला तशी गरज पडायला हवी. रोज, तासन् तास कोणीतरी त्याच भाषेत बोलायला हवं, तान्ह्या मुलाशी बोलतात तसं.

मग त्यांनी विचारलं, "गोवर्धनना आणि आईंना हे माहीत आहे?"

"मी सांगते," मी म्हटलं.

मी सांगितलं नाही. अव्वाला फक्त शेवटचा भाग सांगितला, की डॉक्टरांनी त्याच्याशी लहान बाळासारखं बोलायला सांगितलंय. का, हे सांगायला तोंड उघडायचे आणि दुसरंच काहीतरी बोलायचे. गोवर्धनच्या बाबतीत मी एका आशेवर होते. अशा ऑपरेशननंतर आधीचे काही दिवस आठवणीतून पुसले जातात, असं कुठंतरी वाचलं होतं. त्या तपासणीचा दिवस पुसला गेला असावा, अशी मी देवाजवळ प्रार्थना करत होते. भावाच्या डोक्यातून आणखी थोडं काही जावं म्हणून प्रार्थना करणारी बहीण. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ झाकायला किती जोर लागतो ते माझं मला माहीत.

सोलापूरला परत गेल्यावर अव्वाने जे केलं ते मी शिक्षिका असून मला जमलं नसतं. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांत ती सकाळी विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसायची आणि गोवर्धनला समोर बसवायची. त्याच्या हाताला काम म्हणून पानं कापायला द्यायची. कात्री उचलली की कात्रीचं नाव, पान उचललं की पानाचं. ती म्हणायची, तो ऐकायचा, मग म्हणायचा. नाक, कान, डोळा. मुक्कु, चेवि, कन्नु. बत्तीस वर्षांचा मिशीवाला माणूस आईच्या नाकाला बोट लावून मुक्कु म्हणत होता आणि चुकला की कपाळाला हात लावत होता. शेजारच्या बायका सुरुवातीला दारात येऊन बघायच्या. अव्वाने एकदा त्यांना असं झाडलं की पुन्हा कोणी फिरकलं नाही.

दोन महिने काहीच झालं नाही. सकाळी शिकलेलं संध्याकाळी जायचं. तो चिडायचा, कात्री फेकायचा. एकदा मी रविवारी गेले होते तेव्हा तो मराठीत मला म्हणाला, "अक्का, मला ठार बहिरा केला असता तरी चाललं असतं. ही बोलती आन् मी दगडावाणी बसतो." अव्वाने विचारलं, काय म्हणाला. मी म्हटलं, कंटाळा आलाय म्हणतोय. त्या सहा महिन्यांत मी असं किती सांगितलं असेल, त्याला गणती नाही.

तिसऱ्या महिन्यात शब्द टिकायला लागले. तरी तो स्वतःहून काही बोलायचा नाही. तिने म्हटलेलं मागून म्हणायचा, तिने दाखवलेल्या वस्तूचं नाव सांगायचा, तेवढंच. तिचं बोलणं त्याला किती कळतं याचाही आम्हाला थांग लागत नव्हता. अव्वा बारीक झाली. तिच्या विड्या रोजच्यापेक्षा निम्म्यावर आल्या, पण ती हटली नाही.

सहाव्या महिन्यात आम्ही तिघं पुन्हा पुण्याला गेलो. गोवर्धनला तासभर मशीनमध्ये घालून त्याच्या मेंदूचं चित्र काढलं, आणि दुपारी डॉक्टर मोहोळकरांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. दाबके मॅडमही होत्या. टेबलावरच्या पडद्यावर दोन चित्रं होती, ऑपरेशननंतरचं आणि आजचं. लाल, निळ्या, हिरव्या बारीक रेघांचे झुबके. डॉक्टर खुशीत होते. त्यांनी पेनच्या टोकाने दाखवलं, इथे काही नव्हतं, आता बघा. डावीकडची ती वाट बंदच आहे, पण उजवीकडून या जोडण्या दाट झाल्यात. इतक्या लवकर एवढा फरक मी फार कमी पाहिलाय, ते म्हणाले. घरी कोणी करून घेतलं हे?

मी अव्वाकडे बोट दाखवलं आणि तिला तेलुगूत सगळं सांगितलं. जुना रस्ता मोडला तो मोडलाच, पण तू रोज बोललीस म्हणून त्याच्या डोक्यानं नवा रस्ता केला. हे मी खरं सांगितलं. अव्वा पदर तोंडाला लावून त्या रंगीत रेघांकडे बघत होती. गोवर्धन खाली मान घालून बसला होता. थोड्या वेळाने तिने पदर खाली घेतला आणि मला म्हणाली, "त्यांना माझं एक विचार."

मला वाटलं औषधाचं असेल.

"विचार त्यांना," ती म्हणाली, "याच्या डोक्याला सुरी लागली तरी माझं बोलणं तिथवर पोचलं. मग तुझ्या दोन पोरी आहेत. त्यांचं डोकं धड आहे, कोणी कापलं नाही. त्यांच्यापर्यंत का पोचत नाही? त्या दोघी मला भेटायला येतात आणि पाहुण्यासारख्या बसून जातात. त्यांना काय झालंय, ते मशीनमध्ये दिसेल का विचार."

ती टोमणा मारत नव्हती. तेच माझ्या काळजाला लागलं. तिला खरंच वाटत होतं की डॉक्टर सांगतील. माझ्या ऋचा आणि सानिका, नऊ आणि सहा वर्षांच्या. त्यांच्याशी मी जन्मापासून तेलुगूचा एक शब्द बोलले नव्हते, नवऱ्यालाही बोलू दिला नव्हता. माझ्यासारखं त्यांना कोणी हसू नये म्हणून. त्यांना काही झालेलं नव्हतं. जे केलं ते मी केलं होतं, दोन्हीकडे मीच, आणि अव्वा मलाच विचारायला सांगत होती.

"काय म्हणताहेत आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

दाबके मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी हसले. मला तेव्हा हसता आलं याचं आजही नवल वाटतं.

"तुमचे आभार मानतेय," मी म्हटलं. "तुमच्यामुळे मुलगा परत मिळाला म्हणतेय."

डॉक्टर अव्वाला नमस्कार करायला उठले. तेवढ्यात गोवर्धनने मान वर केली. तो डॉक्टरांकडे बघत नव्हता, अव्वाकडेही नाही. सरळ माझ्याकडे बघत होता, आणि त्या नजरेने मला कळलं की त्याच्या डोक्यातून तो दिवस पुसला गेलेला नाही. सहा महिने त्याला सगळं आठवत होतं, आणि आत्ता अव्वा काय म्हणाली तेही त्याला कळलं होतं. त्याचे ओठ हलले, जुळले, पुन्हा सुटले. त्याने मूठ आवळली आणि एक शब्द बाहेर काढला.

"अबद्धं."

अव्वा जागेवरून उठली. हा शब्द तिने शिकवलेला नव्हता. सुपाभोवती बसून कोणी हा शब्द शिकवत नाही. हा त्याचा तो बोलला होता, आपण होऊन, सहा महिन्यांत पहिल्यांदा. तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं, त्याच्या टाळूवरच्या त्या लांब व्रणाचे मुके घेतले, हसत होती, रडत होती, माझा कोडुका बोलला, बोलला म्हणत होती. तो कोणाला काय म्हणाला, इकडे तिचं लक्षच नव्हतं. दाबके मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, पेशंट स्वतःहून बोलला. डॉक्टरांनी आनंदाने टेबलावर हात मारला.

"काय म्हणाला?" त्यांनी मला विचारलं. तेलुगू आणि मराठी दोन्ही नीट येणारी त्या खोलीत मीच होते.

"खोटं," मी म्हटलं. "मी खोटं सांगितलं, असं म्हणाला."